सहा फुटांवरची सासू

माझ्या गळ्याचा आजार डॉक्टरांच्या आधी सोनारानं ओळखला.

ठुशी हा दागिनाच गळ्याला चिकटून बसणारा. पण माझी ठुशी इतकी चिकटायला लागली की घास गिळला की मणी टोचायचे. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. त्यामुळे निकाल लगेच लागला: सोनारानं दोरा आखूड ओवलाय. गेले भांडायला. त्यानं बिचाऱ्यानं सैल करून दिली. दोन महिन्यांनी पुन्हा घट्ट. पुन्हा सैल करून दिली. तिसऱ्या खेपेला त्यानं ठुशी हातातच घेतली नाही. चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडं बघत राहिला.

"काकी, ठुशी हाय तेवढीच हाय. गळा वाढलाय. कुणाला तरी दाखवा."

मी त्याला चार शब्द सुनावून आले. पुढे पंधरा दिवस त्याच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवत होते. तोंड फिरवलं की गळ्यातली गाठ त्याला आणखी ठळक दिसत असणार, हे काही ह्या शहाणीला सुचलं नाही.

घरातही कुणी बोललं नव्हतं असं नाही. माझी सून सुरेखा कसबा बावड्यातल्याच एका हायस्कूलात विज्ञान शिकवते. तिनं सोनाराच्या आधी महिनाभर मला सांगितलं होतं की पाणी पिताना तुमच्या गळ्यात काहीतरी वर-खाली होतंय. त्यावर मी म्हटलं होतं, तू पोरांच्या वह्या तपास, सासूचा गळा नको.

शेवटी गाठीत सुई घालून तपासणी झाली. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर माझ्याशी न बोलता माझ्या मुलाशी, संजयशी, आणि सुरेखाशी बोलले. मला बाहेर बाकावर बसवलं. आत पेशंटचं चाललंय आणि पेशंट बाहेर, ही पद्धत कुणी काढली कोण जाणे. संजय बाहेर आला तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. सांगितलं ते सुरेखानं. माझ्याशेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, कॅन्सर हाय. थायरॉइडचा. पण हा बरा होतो."

मी विचारलं, माझा आवाज जाणार का? ती म्हणाली, बहुतेक नाही. मग मी घरी आले आणि दीड किलो लसूण सोलून काढला. सांगितला कुणी नव्हता. हाताला काहीतरी हवं होतं. आज कुणाच्या घरी असा रिपोर्ट आला असेल तर त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, त्या दिवशी रडायलाच हवं असं काही नाही. लसूणही चालतो.

परसातली खोली

पुढचं कळायला आधी माझं एक पाप सांगायला हवं.

आमच्या घराच्या मागं परसात एक खोली आहे. एका बाजूनं स्वयंपाकघराला पाठ लावलेली, दार परसात उघडणारं, शेजारी वेगळी न्हाणी आणि संडास. बाईला कावळा शिवला की चार दिवस तिनं त्या खोलीत बसायचं. माझ्या सासूनं मला बसवलं, मी सुनेला बसवलं. सुरेखा एम.एस्सी. होऊन आलेली. पहिल्याच महिन्यात तिनं विचारलं, ह्याचं कारण काय? मी म्हटलं, कारण मी सांगतेय.

माझं शास्त्र बघा. त्या चार दिवसांत ती रोज शाळेत जायची. साठ पोरांत उभी राहायची, खडू-फळा, हजेरीपट सगळ्याला शिवायची. ते चालायचं. घरी येऊन पाण्याच्या घागरीला बोट लागलं की मात्र घर बुडालं. ताट मी खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायचे आणि असं सरकवायचे, जसं पलीकडं वाघीण बांधलीय. तिनं कधी तोंड वर करून भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरं पाप त्याहून मोठं. तिला दोनदा दिवस राहिले. दोन्ही वेळा दुसऱ्या महिन्यातच मी गल्लीभर पेढे वाटले. दोन्ही वेळा पोटातलं टिकलं नाही. आणि दोन्ही वेळा मी शेजारच्या शांताक्कांना म्हटलं, शाळेचे जिने चढते की, राहील कसं? भिंतीपलीकडं ती ऐकत होती हे मला माहीत होतं.

शिशाच्या खोलीत

ऑपरेशन कोल्हापुरातच झालं. गळ्यावर एक आडवी रेघ राहिली. ती आजही आहे, आणि खरं सांगायचं तर ठुशीपेक्षा नीट बसते. आवाजही राहिला. गल्लीतल्या काहींची निराशा झाली.

मग पुण्याला जायचं ठरलं. किरणं सोडणारं आयोडीन प्यायचं होतं. गळ्यात रोगाचं जे काही उरलंसुरलं असेल ते हे आयोडीन शोधून काढतं आणि तिथंच बसून जाळतं. त्याआधी काही आठवडे गोळ्या बंद, पुड्यातलं आयोडीनचं मीठ बंद. गोळ्या बंद झाल्या की माणूस थंड पडतो. मी भर दुपारच्या उन्हात स्वेटर घालून बसायचे आणि टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी डोळे पुसायचे. तुमचं असं झालं तर घाबरू नका. तुम्ही बिघडला नाहीत, गोळी थांबलीय एवढंच.

औषध द्यायच्या आदल्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून विचारलं. कोवळी पोरगी, पण नजर मास्तरणीची. संजय कागदांच्या रांगेत उभा होता. त्या म्हणाल्या, हे औषध घेतल्यावर काही दिवस तुमच्या अंगातून किरणं बाहेर पडतील. घरी लहान मूल आहे का? मी म्हटलं, नाही. गरोदर कुणी आहे का?

"न्हाय," मी म्हटलं. "सून हाय, पण गेल्याच आठवड्यात बाजूला बसलेली. मी सोता ताट सरकवलंय."

त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की? मला जरा रागच आला. ज्या घरात कोण कधी बाजूला बसतं हे सासूला तोंडपाठ असतं, त्या घरात असले प्रश्न विचारायचे?

त्यांनी कागदावर 'नाही' लिहिलं.

औषध आलं ते शिशाच्या जाड डब्यातून. देणारा माणूस ते ठेवून भराभर दाराबाहेर गेला आणि तिथून म्हणाला, प्या मावशी. ज्या औषधाला देणारा घाबरतो ते आपण प्यायचं, ह्याची गंमतच आहे. चवीला साधं पाणी. मग शिसं भरलेलं दार बंद. जेवण दाराशी, बोलणं फोनवर. दिवसातून एकदा एक जण यायचा, जमिनीवर मारलेल्या पट्टीवर उभा राहायचा आणि हातातलं यंत्र माझ्याकडं धरायचा. ते टकटक वाजायचं. मी सरकले की त्याची टकटक बदलायची. माझ्या अंगातून काहीतरी निघतंय, मला दिसत नाही, ऐकू येत नाही, जाणवत नाही, आणि त्या डबीला मात्र कळतंय. त्या चार भिंतींत मला पहिल्यांदा भीती वाटली. कॅन्सरची वाटली त्याहून जास्त. कारण कॅन्सर मला होता. हे दुसऱ्याला लागणारं होतं.

आकडा खाली आला की घरी सोडतात, भरपूर पाणी प्यायलं की आकडा लवकर उतरतो, असं कळल्यावर माझ्यातली हट्टी बाई जागी झाली. तांब्यावर तांब्या. लिंबाच्या फोडी चोखायला दिल्या होत्या, त्याही संपवल्या. परिणाम असा की मला ठरल्यापेक्षा एक दिवस आधी सोडलं. संजयनं घरी फोन लावला तर लागेना. उसाच्या ट्रॅक्टरनं आमच्या गल्लीतली तार तोडली होती. हंगामात एकदा तरी तोडतोच. मी म्हटलं, चल, न सांगता जाऊ, सूनबाई चकित होईल.

भाकरतुकडा

जीप दारात थांबली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मी मागच्या सीटवर, संजय पुढं, मधलं अंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. शांताक्का आणि आणखी दोघी-तिघी धावत आल्या. त्यांना मी हातानंच लांब थोपवलं. सुरेखा आवाज ऐकून बाहेर आली, आत पळाली आणि भाकरीचा तुकडा, तांब्या घेऊन पुन्हा आली. दवाखान्यातून आलेल्या माणसावरून तुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं. मी उंबऱ्याबाहेर मान ताठ करून उभी राहिले. गल्ली बघत होती. लांबूनच ओवाळून टाक म्हणायचं मी मनात ठरवलं होतं, पण ती जवळसुद्धा येईना. दाराआतल्या हौदापाशीच खिळून उभी.

"सुरेखा, तुकडा टाकतीस न्हवं?"

"आई, तिथंच थांबा."

"का? मी काय भूत हाय?"

मला वाटलं, झालं. पाच वर्षं ताट सरकवलं त्याची आज परतफेड. तीही सगळ्यांसमोर. मी रागानं दोन पावलं पुढं टाकली. ती दोन पावलं मागं गेली, तिची पाठ हौदाला लागली आणि तिनं तांब्या सोडून दोन्ही हात पोटावर धरले.

"आई, मला तिसरा महिना लागलाय."

ही गोष्ट आपल्याकडं कानात सांगायची असते. तिला ती सहा फुटांवरून, गल्लीला ऐकू जाईल अशी सांगावी लागली. संजयच्या हातातली पिशवी तशीच राहिली. त्यालाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "अगं पण तू तर बाजूला बसलेलीस." ती खाली बघत म्हणाली, "खोटं बसले. दोन्ही महिने."

का, ते मी विचारलं नाही. पेढे कुणी वाटले होते, मला माहीत होतं. संजयला सांगावं तर त्याच्या पोटात माझ्यापासून काही राहत नाही. म्हणून तिनं एकटीनं ठेवलं, आणि मला संशय येऊ नये म्हणून माझाच रिवाज वापरला. औषधाचं तिला सगळं ठाऊक होतं. आम्ही यायच्या दिवशी सकाळीच ती शाळेतल्या मैत्रिणीकडं राहायला जाणार होती, काहीतरी निमित्त काढून. मी पाणी पिऊन पिऊन एक दिवस आधी आले.

मी मागं वळले आणि जीपमध्ये जाऊन बसले. काच वर केली. सुरेखा लांबूनच म्हणाली, मी जाते मैत्रिणीकडं, तुम्ही आत या. मी काच बोटभर खाली केली.

"तू कुटं जायचं न्हाय. घर तुझं हाय. बाजूला मी बसते."

संजयनं कोपऱ्यावरच्या बूथवरून पुण्याला फोन केला. डॉक्टरीणबाईंनी आधी काय ऐकवलं ते त्यानं मला सांगितलं नाही. मग त्यांनी सांगितलं: वेगळी खोली, वेगळा संडास, वेगळी भांडी, सुनेपासून कायम सहा फूट किंवा जास्त, तीन आठवडे. आजचं जे झालं त्यानं घाबरू नका.

तशी खोली आमच्याकडं तयारच होती.

एकवीस दिवस

पहिल्या संध्याकाळी संजयनं ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि सरकवलं. ताट दगडावरून घासत येतं त्याचा एक आवाज असतो. पाच वर्षं मी तो बाहेरून ऐकला होता. आतून वेगळा येतो.

सोबतीला रेडिओ होता. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागलेला. ऐकता ऐकता डोक्यात आलं, दार बंद, खिडकी बंद, मग हा बोलणारा बाबा आत आला कुठून? दुसऱ्या दिवशी सुरेखा शाळेतून आली आणि परसात, चांगली दहा फुटांवर, खुर्ची टाकून बसली. मी खिडकीतून विचारलं. ती म्हणाली, भिंतीतून. रेडिओच्या लाटा भिंतीतून येतात.

"आणि माझ्यातनं निघतंय ते काय हाय?"

"तेच. एकाच घराण्यातलं."

मग तिनं मला ते घराणं समजावलं. रेडिओच्या लाटा, टीव्हीच्या रिमोटमधून निघतं ते, चुलीची धग, डोळ्यांना दिसणारा उजेड, उन्हातलं कातडी रापवणारं ते, एक्स-रे, आणि माझ्या गळ्यातलं गॅमा. सगळ्यांचा वेग एकच. फरक फक्त लाटेच्या लांबीचा. लाट लांब तितकी ती गरीब, आखूड तितकी तिखट. मी म्हटलं, म्हणजे मिरचीसारखं, लवंगी ती जास्त लागते. ती हसली. एवढ्या मोठ्या घराण्यातला डोळ्यांना दिसतो तो भाग चिमूटभर, हे ऐकून मी म्हटलं, मग हे आमच्या भाऊबंदकीसारखं झालं, लग्नात दिसतात चार आणि कोर्टात निघतात चाळीस. ह्यावर ती इतकी हसली की खुर्ची हलली. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती आणि तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते.

हसू ओसरल्यावर माझं डोकं मात्र पुढं चालत राहिलं. रेडिओ भिंतीतून आत येतो. मग माझं बाहेर जात नाही?

"सुरेखा, माझं भिंतीनं अडतं का?"

"अडतं. पण सगळं न्हाय." आणि मग तिचा चेहरा बदलला. "आई, तुमची कॉट कुठल्या भिंतीला हाय?"

कॉट स्वयंपाकघराच्या भिंतीला होती. पलीकडं, त्याच भिंतीला पाठ टेकून, थंड लागते म्हणून, ती पाटावर बसून वह्या तपासते. काल संध्याकाळीही तपासल्या होत्या. माझा गळा आणि तिचं पोट, मध्ये विटांचा एक थर.

संजय यायची वाट मी बघितली नाही. गळ्याची जखम अजून कोवळी होती, जड उचलू नका म्हणून बजावलेलं होतं. मी ती लोखंडी कॉट ओढत समोरच्या भिंतीला नेली. ती बाहेरून ओरडत होती, आई, राहू दे, ह्यांना येऊ दे. पण तिला आत येता येत नव्हतं आणि मला थांबता येत नव्हतं. कॉट लागल्यावर मी तिच्यावर बसले आणि मग पहिल्यांदा रडले. रिपोर्टच्या दिवशी लसूण सोलला तो सगळा आता डोळ्यांत उतरला.

ती खिडकीबाहेर आपल्या दहा फुटांवर उभी होती. वर्गात सांगावं तशी म्हणाली, "ऐका. अंतर दुप्पट झालं की मारा चौथाई होतो. तिप्पट झालं की नववा हिस्सा. आणि आठ दिवसांत आयोडीन निम्मं होतं, तुम्ही पाणी पिताय म्हणून त्याहून लवकर. एका संध्याकाळनं काही होत न्हाय." तिनं हे मला सांगितलं की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

ज्यांना हे औषध घ्यायचंय त्यांच्यासाठी इथं थांबून एक सांगते. डॉक्टरांनी विचारलं, घरी कुणी गरोदर आहे का, तर घरातल्या बाईला तिचं तिला, एकटीला, विचारा. तिच्या वतीनं उत्तर देऊ नका. तुम्हाला वाटतं तितकं तुम्हाला माहीत नसतं.

पुढचे दिवस असेच गेले. ती रोज परसात खुर्ची टाकायची. मी सासुरवासाच्या माझ्या गोष्टी सांगायचे, ती उजेडाच्या. अंतर मोजायला तिनं शाळेतून टेप आणली होती आणि खुर्चीच्या जागी खडूनं खूण केली होती. कधी ती चुकून पुढं बसली तर मीच दरडावायचे, मागं हो. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ह्या सासू-सुनेचं आता फारच जुळलंय, एकमेकींना जवळ येऊ देईनात.

बाविसावा दिवस

नातीचं आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्याच काळजीत पुढचं वाचाल. ती वेळेवर आली, धडधाकट आली, आता तिसरीत आहे आणि तिच्या शंका आईपेक्षा अवघड असतात. मीही बरी आहे. दर वर्षी तपासणीला जाते.

पण मला सांगायचंय ते बाविसाव्या दिवसाचं. मुदत संपली. संजय म्हणाला, आई, चला आत. मी म्हटलं, अजून आठ दिवस राहते, काय बिघडतंय? ते आठ झाले. मी म्हटलं, पोट वाढतंय तिचं, आणखी आठ. संजयनं पुण्याला फोन केला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही गरज नाही. मी म्हटलं, त्या लांब बसून बोलतात, पोट काय त्यांच्या घरचं हाय? ताट उंबऱ्यावर यायचं, मी ते ओढून घ्यायचे. सुरेखा खडूच्या खुणेवर बसायची. ती उठून पुढं आली की मी खिडकीपासून मागं सरकायचे. मनात एकच, मी दोन पोरं तोंडानं घालवली, तिसरं गळ्यानं घालवायचं नाही.

छत्तिसाव्या दिवशी ती शाळेतून आली. खुर्ची तिनं उचललीच नाही. सरळ चालत खोलीच्या दारात आली. मी ओरडले, मागं हो. ती झाली नाही. हातात एक वही होती. त्यात तिनं निम्म्याचं निम्मं करत करत आकडे खाली उतरवत आणले होते.

"आई, तीन आठवडे तुम्ही बसला ते मोजून बसला. त्याला कारण हुतं. आता जे बसलाय त्याला कारण न्हाय. आता हा विटाळ हाय."

मी म्हटलं, मला भीती वाटते.

"मलाबी वाटते," ती म्हणाली. "मी काय फळ्यावर शिकवते म्हणून वाटत न्हाय व्हय? पण भीतीला आकडा विचारायचा. आकडा संपला की उठायचं."

मग तिनं उंबरा ओलांडला. ज्या खोलीत पाच वर्षं ती एकटी बसली होती, त्या खोलीत ती आपल्या पायांनी आली, पदर सावरला आणि कॉटपाशी उभी राहिली. मी मध्ये बसले होते, दोन्ही बाजूंना जागा नव्हती.

"सरका की."

मी सरकले.